थाळीवरचे वतन

त्र्यंबकेश्वर आणि पंचवटी येथील तीर्थोपाध्यायांच्या घरांतून ज्या जाडजूड वह्या बासनांत बांधून पिढ्यान्‌पिढ्या जतन केल्या गेल्या आहेत, त्यांत दूरदूरच्या मुलखांतील असंख्य कुळांच्या वंशावळी नोंदलेल्या सापडतात. यजमान कोणत्या गावचा आणि कोणत्या आडनावाचा, एवढे समजले की उपाध्याय नेमकी वही काढतो, नेमके पान उघडतो, आणि ज्या पणजोबाचे नावही यजमानाला धड ठाऊक नसते त्याच्या हातचा मजकूर त्याच्यापुढे ठेवतो. कागदावर कुळ सांभाळण्याची नाशिकची ही विद्या सर्वश्रुत आहे. परंतु याच जिल्ह्याच्या पश्चिम आणि उत्तर अंगाला, पेठ, सुरगाणा, कळवण, बागलाण आणि त्र्यंबक या तालुक्यांच्या डोंगराळ पट्ट्यात, कुळाकुळांतून चालत आलेली दुसरी एक मिरास आहे, जी वहीत कधी उतरली नाही आणि जिचा दाखला हवा असेल तर ठरलेल्या महिन्यात, ठरलेल्या कार्याला, ज्या घराकडे ती आहे त्या घरच्या माणसासमोर रात्रभर बसावे लागते. ही मिरास म्हणजे डोंगराची गाणी.

या मुलखाची ठेवणच अशी, की तेथे गाण्याचा आणि डोंगराचा वियोग करता येऊ नये. सह्याद्रीची मुख्य रांग येथे गुजरातच्या सीमेला जाऊन भिडते, आणि तिच्यापासून सेलबारी-डोलबारी व सातमाळा या उपरांगा पूर्वेकडे फुटतात. १५६७ मीटर उंचीचा साल्हेर आणि सप्तशृंगीचा गड हे त्यांतले ठळक मानकरी. ब्रह्मगिरीवर उगवणारी गोदावरी बंगालच्या उपसागराची वाट धरते, कळवणच्या डोंगरात उगवणारी गिरणा तापीला जाऊन मिळते, आणि पार, नार, दमणगंगा या नद्या घाटमाथ्यावरून पश्चिमेला उतरून अरबी समुद्राची वाट धरतात. म्हणजे या टापूत पडलेल्या पावसाच्या दोन शेजारच्या थेंबांनी दोन भिन्न समुद्रांना जावे, असा येथला भूगोल आहे. पाऊस उदंड पडतो आणि तितक्याच तत्परतेने निघूनही जातो, म्हणून आषाढ-श्रावणात धुक्यात बुडालेल्या याच पाड्यांवर चैत्र-वैशाखात बायकांना हंडे घेऊन दरीत उतरावे लागते. उतारावर नागली आणि वरई, सखल खाचरात भात, कडेने उडीद आणि खुरासणी, ही येथली शेती. कोकणा, महादेव कोळी, वारली, ठाकर आणि भिल्ल ही येथली माणसे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे नाशिक जिल्ह्याच्या लोकसंख्येत आदिवासींचे प्रमाण सुमारे चतुर्थांश भरते. पेठ आणि सुरगाणा या दोन तालुक्यांत मात्र ते शेकडा नव्वदांहून अधिक आहे.

या भागाला दप्तराचा वारा उशिरा लागला. पेठ हे एक छोटेखानी संस्थान होते, ते १८७८ मध्ये शेवटच्या बेगमेच्या मृत्यूनंतर खालसा होऊन नाशिक जिल्ह्यात समाविष्ट झाले. सुरगाणा हे देशमुखांचे संस्थान तर १९४८ पर्यंत टिकून राहिले. इंग्रजी अंमलातील अधिकाऱ्यांनी १८८३ मध्ये मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा नाशिकचा खंड प्रसिद्ध केला. महसूल, जंगल, रस्ते, घाट, बाजारपेठा यांचा त्यांचा तपशील आजही अभ्यासकांच्या उपयोगी पडतो. तथापि गावचे गाणे कोणत्या घराकडे आहे, याचा रकाना कोणत्याही अमदानीच्या दप्तरात नव्हता. पाटीलकी कोणाकडे, कुलकर्ण कोणाकडे, याच्या सनदा निघाल्या, त्यांवरून कज्जे झाले, फैसले झाले, आणि अखेर १९५० च्या कायद्याने कुलकर्णी वतने व १९६२ च्या कायद्याने पाटीलकी संपुष्टात आली. ज्याची सनद कधी निघालीच नाही ते गाण्याचे वतन मात्र कोणत्याही कायद्याच्या कक्षेत न आल्यामुळे चालू राहिले, आणि ते आपोआप खालसा होण्याची वेळ आता, कोणाचाही हुकूम नसताना, येऊन ठेपली आहे. ती का आली, हे समजावून घ्यावयाचे तर आधी हे वतन म्हणजे काय ते पाहिले पाहिजे.

त्याचे सर्वांत विलक्षण रूप म्हणजे थाळगान. जेवणाच्या थाळीसारखी धातूची एक थाळी घ्यावयाची, तिच्या मधोमध मेणाचा गोळा घट्ट दाबून बसवावयाचा, आणि त्या मेणात वाळलेला, सरळ, गुळगुळीत असा एक देठ उभा रोवावयाचा, झाले वाद्य. थाळकरी त्या देठावरून दोन्ही हातांची बोटे वरून खाली, एका पाठोपाठ एक, अखंड ओढत राहतो, आणि त्या घर्षणाचे कंपन मेणातून थाळीत उतरून एक गंभीर, सलग, कोठेही न तुटणारा गुंजारव उठू लागतो. तंबोऱ्याचा नाद चार तारांच्या छेडण्यातून सांधला जातो. येथे सांधाच नाही. या नादाच्या आधाराने थाळकरी कथा गातो, किंवा सांगतो, कारण या दोहोंमधील सीमारेषा तो क्षणोक्षणी ओलांडत असतो: काही भाग गद्याच्या अंगाने, झपाट्याने, बोलल्यासारखा निघून जातो आणि काही भागावर स्वर रेंगाळतो. शेजारी बसलेला साथीदार त्याच्या चरणाचा शेवट उचलतो, नुसता हुंकार देतो, कधी एखादा प्रश्नही टाकतो. कार्य आटोपले की देठ उपसला जातो, मेण खरवडून ठेवले जाते, आणि थाळी घासून पुन्हा स्वयंपाकघरात जाते. वाद्याचे वेगळे देव्हारे माजवण्याची पद्धत येथे नाही, आणि संग्रहालयात काचेआड ठेवलेली थाळी पाहणाऱ्याला ती थाळीच का म्हणून ठेवली, असा प्रश्न पडावा, हे क्रमप्राप्तच होय.

थाळीवर गावयाचे ते मनाला येईल तेव्हा नव्हे. घरात मृत्यू घडल्यानंतरच्या दिवसकार्यात, देवाच्या उत्सवात, धान्याच्या पूजेच्या निमित्ताने, अशा नेमलेल्या प्रसंगी थाळ बसते. आरंभी नमन असते, आणि हे नमन म्हणजे दोन ओळींचा उपचार नसून धरतीला, देवांना आणि भोवतालच्या डोंगरांना नावे घेऊन केलेले दीर्घ आवाहन असते. मग कथा सुरू होते: सृष्टी कशी झाली, धान्य कोठून आले, कणसरी या धान्यदेवतेची कहाणी काय. रामाची कथाही येते, आणि पंचवटीच्या काळ्या रामाला नित्य नमस्कार करणाऱ्या नाशिककराने ती अवश्य ऐकावी, कारण दंडकारण्याच्या रहिवाशांनी स्वतःच्या अंगणात बसून सांगितलेली रामकथा वाल्मीकीच्या वाटेनेच चालेल, असे मानण्याचे कारण नाही. सीमेपलीकडे दक्षिण गुजरातेतील याच समाजात डाह्याभाई वाढू यांनी कोकणी बोलीतील अशी रामकथा संकलित केली आहे. आपल्याकडच्या रामायणाच्या अभ्यासात या मौखिक परंपरेला जेवढी जागा मिळावयास हवी होती तेवढी मिळालेली नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. नाशिकसारख्या ठिकाणी तरी तसे घडावयास नको होते.

एवढी कथा पाठ होते कशी? पाठांतराची जी कल्पना आपल्या मनात पाठशाळेवरून बेतलेली आहे, संथा घेणे, आवर्तन करणे, चूक झाली की थांबवणे, ती येथे लागू पडत नाही. मुलगा आधी नुसता ऐकतो. कार्याच्या रात्री बापाच्या किंवा चुलत्याच्या मांडीशी बसून, बहुधा अर्धवट झोपेत. पुढे तो साथीला बसू लागतो, आणि साथ हीच त्याची खरी शाळा, कारण हुंकार योग्य जागी द्यावयाचा तर पुढे काय येणार याची चाहूल असावी लागते, आणि चरणाचा शेवट उचलावयाचा तर तो गाणाऱ्याच्या तोंडून पुरा पडण्याच्या आतच मनात तयार असावा लागतो. वर्षानुवर्षे असे उत्तरार्ध म्हणता म्हणता पूर्वार्धही त्याच्या ठायी साठत जातो. मग एखाद्या पहाटे बापाचा आवाज बसतो, तेव्हा थाळी मुलाकडे सरकते. त्या वेळी तो जे गातो ते बापाच्या शब्दांची नक्कल नसते. प्रसंगांचा क्रम, नावे, ठरीव पदबंध आणि चाल हा सांगाडा कुळाचा, आणि त्यावरची बांधणी त्या रात्रीची. रात्र मोठी असेल तर कथा पसरते, कार्य लहान असेल तर आखडते. म्हणूनच ‘मूळ संहिता कोणती’ हा विद्वानांचा आवडता प्रश्न थाळकऱ्याला विचारून फारसे काही हाती लागत नाही.

डोंगराची गाणी ज्या उत्सवात सर्वार्थाने डोंगराची होतात तो उत्सव म्हणजे डोंगऱ्यादेव. कळवण, सुरगाणा, बागलाण, दिंडोरी या तालुक्यांतून, तसेच धुळे जिल्ह्याच्या साक्रीकडे आणि सीमेपलीकडच्या डांगात, मार्गशीर्ष महिन्यात हा व्रतोत्सव होतो. काही गावांत दर वर्षी, काहींत काही वर्षांच्या अंतराने. जे पुरुष हे व्रत घेतात त्यांना माउली म्हणतात. त्या दिवसांत माउलीने अनवाणी चालावयाचे, थंड पाण्याने स्नान करावयाचे, एकभुक्त राहावयाचे, ब्रह्मचर्य पाळावयाचे, आणि गावागावांतून, खळ्याखळ्यांतून देवाची गाणी म्हणत, फेर धरून नाचत धान्य मागत फिरावयाचे, असा दंडक आहे. अखेर पौर्णिमेला सर्वांनी आपापल्या नेमल्या डोंगराच्या पायथ्याशी जाऊन रात्र जागवावयाची आणि गडाची पूजा करावयाची. त्याच पौर्णिमेला, दत्तजयंतीच्या दिवशी, गोदाकाठच्या एकमुखी दत्ताच्या मंदिरात सायंकाळी जन्मोत्सवाचा गजर होत असतो. एकाच जिल्ह्यात, एकाच चंद्राखाली, दोन परस्परांना अपरिचित असे जागर चालू असतात, आणि शहरातल्या बहुसंख्यांना त्यांपैकी एकाचाच पत्ता असतो.

या फेराचा प्राण म्हणजे पावरी. दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या आणि शिंग हे तिचे मुख्य घटक, सांधे मेणाने बुजवलेले. तारप्याच्या कुळातलेच हे वाद्य. ते वाजवणाऱ्याला दम घेण्यासाठी थांबण्याची मुभा नसते, कारण पावरी थांबली की फेर थांबला. तेव्हा गालांत साठवलेली हवा वाद्यात सोडता सोडताच नाकाने नवा श्वास आत ओढण्याची कला त्याला साधावी लागते, आणि ज्याला ती साधली आहे त्याचे गाल फुगलेलेच दिसतात, पण सूर कोठे तुटला हे काही केल्या सापडत नाही. ही विद्या शब्दांनी शिकवता येण्यासारखी नाही. ती पाहून, हसे करून घेऊन, मुंडावळीच्या वयाआधीच अंगी लागते. आणि पाहण्यासाठी घरात कोणीतरी वाजवणारा असावा लागतो, म्हणून पावरी घराण्यात फिरते. नाशिकच्या लगतच्या जव्हार तालुक्यात, वाळवंडा गावच्या भिकल्या लाडक्या धिंडा या वयोवृद्ध तारपावादकांचे उदाहरण या संदर्भात सांगण्यासारखे आहे. पणजोबा, आजोबा, वडील अशा क्रमाने तारपा त्यांच्याकडे आला. तो ते स्वतःच्या हातांनी घडवतात, आणि त्यांच्या वादनाचा संगीत नाटक अकादमीच्या पुरस्काराने गौरवही झाला आहे. शास्त्रीय संगीतातील घराण्यांचे इतिहास आपण कौतुकाने वाचतो, गुरुबंधूंची भांडणेसुद्धा चवीने चघळतो. सलग चार पिढ्यांच्या या श्वासाला ‘घराणे’ म्हणण्याचे औदार्य मात्र आपल्या संगीतसमीक्षेला क्वचितच सुचते.

वतन म्हटले की हक्काबरोबर चाकरी आली, आणि या गाण्याच्या बाबतीत हक्कापेक्षा चाकरीचे पारडे जड आहे. ज्याच्या घरी थाळ आहे त्याला बोलावणे आले की जावे लागते. मग रोपणी चालू असो की अंगात ताप असो. पेठ, त्र्यंबक, इगतपुरी या भागांत आणि लगतच्या जव्हार-मोखाड्यात होणाऱ्या बोहाड्यातही हीच व्यवस्था दिसते: देवादिकांची आणि राक्षसांची सोंगे कोणत्या घराने नाचवावयाची हे परंपरेने ठरलेले असते, आणि त्या घराने आपला मुखवटा घेऊन रात्री रिंगणात उतरावयाचे असते. देणाऱ्याने काय द्यावे याचे दर ठरलेले नाहीत. जेवण, धान्य, थोडीबहुत रोख, आणि प्रतिष्ठा. चाकरी एवढी आणि मोबदला इतका बेताचा असताना हे वतन टिकले, याचे कारण मला असे दिसते, की ते टाकून देण्याचे पाप कोणी एकट्याने आपल्या माथी घ्यावयास तयार नव्हता: मेलेल्याच्या कार्याला थाळ बसले नाही तर दोष जो लागणार तो साऱ्या कुळाला.

स्त्रियांच्या गाण्याचा वारसा याहून अगदी वेगळ्या दिशेने वाहतो, आणि ही गोष्ट ध्यानात घेतल्याखेरीज डोंगराच्या गाण्यांचे चित्र पुरे होत नाही. थाळी बापाकडून मुलाकडे, त्याच घरात, त्याच गावात राहते. जात्यावरची ओवी आईकडून मुलीकडे जाते आणि मुलगी ती सासरी नेते. तेथे ती सासूच्या, जावांच्या ओव्यांत मिसळते, नव्या गावच्या देवाचे नाव तिच्यात शिरते, आणि पुढच्या पिढीत ती तिसऱ्याच गावी जाते. पुरुषांचे गाणे खोल रुजते, बायकांचे दूर पसरते. वारली समाजात तर लग्न लावण्याचे पौरोहित्यच स्त्रीकडे असते: धवलेरी आपल्या गाण्यांनी विवाहाचे विधी पार पाडते, आणि तिच्या गाण्याशिवाय लग्न लागले असे होत नाही.

ओव्यांच्या संकलनाची मराठीत थोर परंपरा आहे. ज्या साने गुरुजींनी १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली, त्यांनीच पुढे आयाबहिणींच्या तोंडच्या ओव्या गोळा करून ‘स्त्रीजीवन’ हा संग्रह सिद्ध केला. आईने दिलेले धन मुलाने रात्री रात्री सांगावे, ही त्या कादंबरीची रचना मौखिक वारशाच्या किती जवळची आहे, हे पुस्तक पुन्हा चाळताना जाणवल्याशिवाय राहत नाही. दुर्गा भागवतांनी १९५६ मध्ये ‘लोकसाहित्याची रूपरेखा’ लिहून या अभ्यासाला शास्त्राची बैठक दिली. पुढे गी पॉइटवाँ आणि हेमा राइरकर यांनी पुणे जिल्ह्याच्या मुळशी-मावळच्या डोंगरी गावांतून जे काम उभे केले त्याला तोड नाही. गरीब डोंगरी संघटनेच्या कार्यकर्त्या बायकांना बरोबर घेऊन त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, गाणारीचे नाव आणि गाव यांच्यासह नोंदवल्या, आणि त्यांतील हजारो ध्वनिमुद्रितही केल्या. कोणती ओवी कोणी गायिली हे नोंदवण्याचा हा शिरस्ता मला या कामातील सर्वांत मोलाचा भाग वाटतो, कारण ‘लोक’ या सामासिक नावाखाली माणसे बेनाम करण्याची आपल्या संकलकांची जुनी खोड त्याने मोडली. नाशिकच्या डोंगरातील थाळगानाच्या वाट्याला एवढे चिकाटीचे आणि एवढे प्रचंड दप्तर अद्याप आलेले नाही.

जात्याच्या बाबतीत काय घडले हे सर्वांना कळते: पिठाची गिरणी आली, पहाटेचे दळण थांबले, आणि दळणाबरोबर ओवीही थांबली. थाळीच्या बाबतीत अशी कोणतीही गिरणी आलेली नाही. दिवसकार्ये होतात, डोंगऱ्यादेव होतो, कणसरीची पूजा होते. म्हणून या गाण्यांच्या ऱ्हासाचे खापर सरसकट चित्रपटसंगीतावर, दूरदर्शनवर आणि आता मोबाइलवर फोडणारे लोक मला निदान अंशतः चुकलेले वाटतात. मोबाइलवर ऐकणारा माणूस त्याच मोबाइलवर पावरीही ऐकतो. खरे कारण पंचांगात आहे.

पेठ-सुरगाण्याच्या उतारावर भात आणि नागली कापून झाली की घरात वर्षभर पुरेल एवढे धान्य बहुतेकांच्या पदरी पडत नाही, आणि पुढच्या पावसापर्यंत गावात रोजगार नसतो. तिकडे पूर्वेला, बसने काही तासांच्या अंतरावर, दिंडोरी आणि निफाडच्या द्राक्षबागांत नेमके त्याच वेळी मजुरांचे दिवस येतात. ऑक्टोबर छाटणी झालेली असते. मग फुटी काढणे, घड विरळणे, घड औषधात बुडवणे, आणि पुढे चैत्रापर्यंत काढणी, ही कामे एका मागून एक, तारखांशी बांधलेली, एक आठवडाही थांबू न शकणारी. टोळ्या ठरतात, एकराच्या हिशेबाने काम उक्ते घेतले जाते, उचल हाती पडते, आणि दिवाळीनंतर पाडेच्या पाडे रिकामे होतात. म्हणजे ज्या मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाचा फेर धरावयाचा त्याच मार्गशीर्षात फेर धरणारे हात द्राक्षाच्या मांडवाखाली घड विरळत असतात. उचल घेतलेल्या मजुराला व्रतासाठी रजा मागणे सोपे नाही, आणि बागायतदारालाही ती देणे परवडत नाही, कारण बुडवणीचा दिवस चुकला तर मण्याचा आकार गेला. यात कोणी दुष्ट नाही. दोन पंचांगे एकमेकांवर आदळली आहेत, एवढेच.

बाप बागेत आणि मुलगा आश्रमशाळेत, हा या गोष्टीचा उरलेला अर्धा भाग. आदिवासी विकास विभागाच्या निवासी आश्रमशाळांनी या डोंगरात पहिली पिढी साक्षर केली. त्यांच्यातून शिक्षक, परिचारिका, अधिकारी निघाले, आणि ज्या नाशिक शहरात आदिवासी विकास आयुक्तालय आहे तेथील कचेऱ्यांतून आज डोंगरातली मुले सन्मानाने खुर्चीवर बसतात, हे ऋण नाकारण्याचा करंटेपणा कोणीही करणार नाही. परंतु निवासी शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होऊन पुढच्या उन्हाळ्यात संपते, आणि मोठी सुटी पडते ती वैशाखात, जेव्हा खळी मोकळी असतात, पावरी आढ्याला टांगलेली असते आणि गाण्यासारखे कोणतेही कार्य नसते. साथीला बसण्याचे जे वय, आठ ते सोळा, ते सारे मुलगा घराबाहेर काढतो. त्याला गाणे नकोसे झालेले नसते. गाणे ज्या रात्री होते त्या रात्री तो घरी नसतो. साथीदार घडला नाही म्हणजे पुढचा थाळकरी घडला नाही, आणि हे नुकसान बाप गात असेपर्यंत कोणाच्या लक्षातही येत नाही.

या रिकाम्या जागेवर ध्वनिमुद्रणाचा आणि रंगमंचाचा उपाय सुचवला जातो. ध्वनिमुद्रण अवश्य व्हावे. ते कार्याच्या रात्री, पुरे, साथीदाराच्या हुंकारासकट व्हावे, आणि त्याची प्रत प्रथम त्या घराकडे राहावी. रंगमंचाविषयी मात्र मी तितका उत्साही नाही. सांस्कृतिक महोत्सवात पावरीच्या पथकाला काही मिनिटे मिळतात; तेवढ्यात पोशाख एकसारखे करून, फेराचे तोंड प्रेक्षकांकडे वळवून, जे सादर करावे लागते ते देखणे असते, पण त्यात गाण्याचा विस्तार बसत नाही, नमनातले डोंगर बसत नाहीत, आणि थाळ तर अजिबात बसत नाही, कारण त्यात पाहण्यासारखे काहीच नाही. परिणामी जे दृश्य ते तगते आणि जे श्राव्य ते गळते.

नमनातल्या त्या डोंगरांचा एक कायदेशीर पैलू येथे नोंदवला पाहिजे, कारण तो बहुतेक वाचकांना नवा असेल. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील नियमांत, वहिवाट सिद्ध करण्यासाठी कागदोपत्री पुराव्याबरोबरच दावेदाराखेरीज इतर वडीलधाऱ्यांचे लेखी नोंदवून घेतलेले कथन ग्राह्य धरले आहे, आणि सामुदायिक हक्कांच्या दाव्यात पवित्र वृक्ष, देवराया, जलस्थाने, दहन-दफनाच्या जागा यांचा पुरावा म्हणून निर्देश केला आहे. ज्यांच्या हाती सात-बारा नव्हता त्यांच्या तोंडच्या स्मृतीला सरकारदरबारी रुजू होण्याची ही वाट मिळाली. २०१८ च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत सुमारे १८० किलोमीटर पायी चालत गेलेल्या शेतकऱ्यांत सुरगाणा, पेठ, दिंडोरी, कळवणचे आदिवासी मोठ्या संख्येने होते, आणि वनजमिनींचे पट्टे ही त्यांची अग्रक्रमाची मागणी होती. कोणता डोंगर कोणाचा, कोठे कोणाची पूजा, याची सर्वांत जुनी नोंद ज्या गाण्यात आहे ते गाणे एखाद्या ग्रामसभेने ठरावाबरोबर लिहून जोडले, तर ते अर्जात शोभेपुरते राहू नये, इतका आधार त्या नियमांत खचित आहे.

आणि पंचांगांच्या टकरीवर तोड अगदीच अशक्य आहे, असेही नव्हे. दर वर्षी काही स्थानिक सुट्या जाहीर करण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना असतो. पेठ, सुरगाणा, कळवण आणि बागलाण येथील निवासी शाळांना दिवाळीच्या सुटीतले चार-पाच दिवस कापून मार्गशीर्षी पौर्णिमेच्या मागेपुढे लावले, तर शिकवण्याचा एकही दिवस न बुडता मुले त्या आठवड्यात आपापल्या पाड्यावर पोचू शकतील. त्यासाठी अनुदान लागत नाही, समिती लागत नाही. वेळापत्रकाची एक ओळ बदलावी लागते, आणि ती शाळा उघडण्यापूर्वी, जूनच्या आत बदलावी लागते. बागायतदाराकडून तेवढ्याच दिवसांची मोकळीक मिळवणे याहून अवघड आहे, आणि ते टोळीच्या मुकादमाने उचल घेतानाच बोलून ठेवले तर होईल, एरवी नाही.